सराउंड मिक्स: क्रांती कुरणे

आमच्या 'डांबर' नावाच्या बँडमध्ये आम्ही चौघे होतो आणि चौघांपैकी एकालाही स्वतःचं वाजवणं ऐकता येत नव्हतं. ऐकता यायचं ते क्रांती कुरणेला, आणि ती बँडमध्ये नव्हती.

ती आमचं साउंड करायची. आम्ही स्टेजवर केस उडवायचो तेव्हा ती खाली वायरींच्या गुंत्यात, कानांत बोळे घालून उभी असायची. मिरवणुकीच्या दिवसांत तर ती बोळ्यांशिवाय घराबाहेरच पडायची नाही. मंडळाची पोरं हसायची.

"बहिरी झालीस काय ग?"

"मी न्हाय, तुम्ही झालाय," ती म्हणायची. "कळायला अजून धा वर्सं जातील."

सिद्धार्थनगरात तिचं घर. वडील पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. सोळा वर्षांची असताना चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात भीमगीत ऐन रंगात आलं आणि स्पीकर शिट्टी मारायला लागला. साउंडवाला जेवायला गेला होता. गायक माइक झटकत होता, कार्यकर्ते एकमेकांवर ओरडत होते. क्रांती स्टेजमागं गेली, दोन बटणं फिरवली, तिसऱ्या बटणाला शिट्टी बंद. मग तिनं तिथून हलायलाच नकार दिला. पुढं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, बिघडलेले अँप्लिफायर उघडून दुरुस्त करायला लागली, आणि बघता बघता जिल्ह्यातले निम्मे ऑर्केस्ट्रे तिच्या नावानं बोटं मोडत तिलाच बोलवायला लागले. बोटं अशासाठी, की तिला माणसं फार पटकन नापसंत पडायची. कुणी नुसतं "जरा बास वाढव की" म्हणालं, की तो माणूस तिच्या लेखी संपला.

मी पिराजी. डांबरचा ड्रमर. दिवसा वारणानगरला दूध डेअरीत पॅकिंगला असतो. गिटार आणि गाणं राजवीरकडं. अमाप उत्साह आणि कारखान्यातूनच फाटून आलेल्या जीन्स, हे त्याचं भांडवल. बाकीचे दोघे वेळेवर यायचे, त्याहून जास्त सांगण्यासारखं त्यांच्याबद्दल काही नाही.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात राजवीरच्या डोक्यात अल्बम काढायचं आलं. साधा नाही, सराउंडमध्ये. पाच स्पीकर चारी बाजूंनी, वर एक धडधडणारा सबवूफर, आणि मधे बसून ऐकणारा धन्य झालेला माणूस. परदेशात पन्नास वर्षांपूर्वीचे रॉकचे अल्बम नवनव्या खोक्यांत घालून पुन्हा पुन्हा विकतात. आधी सीडी, मग हाय-रेझोल्युशन, मग सराउंड. गाणी तीच आणि घेणारे म्हातारेही तेच. राजवीरनं त्या खोक्यांचे फोटो पाहिले होते. खोक्यातलं काही ऐकलं नव्हतं, कारण ऐकायला पाच स्पीकर लागतात आणि त्याच्याकडं एक मोबाइल होता.

पाच स्पीकर होते शिवकुमार पट्टणशेट्टींकडं.

शाहूपुरीत त्यांचं पाइप आणि नळाच्या फिटिंगचं दुकान. वडील नागाप्पांनी उभं केलेलं, आई शांतव्वा अजूनही गल्ल्यावर बसणारी. दुकानाच्या माडीवर शिवकुमारशेटनी ऐकायची खोली केली होती. भिंतींना फोम, छताला फोम, दाराला रबर. तिथं दर रविवारी अकराला त्यांचं मंडळ जमायचं. एक दातांचे डॉक्टर, दोन बिल्डर, एक कर सल्लागार, असे शेट धरून नऊ जण. सगळे डोळे मिटून बसायचे. गाणं संपलं की शेट आधी आकडे सांगायचे, "चोवीस बिट, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ," आणि मग सगळे "आहाहा" करायचे. आकडे सांगायच्या आधी कुणी आहाहा केल्याचं मी पाहिलेलं नाही. मग खालून शांतव्वा उप्पिट आणि कॉफी पाठवायच्या. उप्पिट खरोखर चांगलं असायचं.

शेट आमची डिस्क काढायला तयार झाले. तीनशे प्रती, ब्लू-रे, पुठ्ठ्याचं जाड कव्हर. नाव 'सर्व्हिस रोड'. "कोल्हापुरात पहिली," ते म्हणाले. दुसरी कुणी काढणार होतं असं नाही.

रेकॉर्डिंग आणि मिक्स, म्हणजे कुठला आवाज किती आणि कुठून यायचा ते बसवणं, क्रांतीनं करायचं ठरलं. तिनं एकच अट घातली.

"ड्रम स्टुडिओत न्हाय घ्यायचा. खोलीचा आवाज पायजे. मागच्या स्पीकरात घालायला माझ्याकडं काहीतरी खरं असाय पायजे की."

मग तिनं शाहूपुरीतलंच एक गुळाचं गोदाम शोधलं. मे महिना, गुऱ्हाळं बंद, गोदाम रिकामं. उंच पत्रा, जाड दगडी भिंती, जमीन चिकट. माझ्या ड्रमभोवती चार माइक आणि गोदामाच्या चार कोपऱ्यांत चार माइक. पहिल्या दिवशी एका माइकमध्ये मुंग्या शिरल्या. क्रांतीनं तो खोलून ब्रशनं एकेक मुंगी काढली, अर्धा दिवस. राजवीर सारखं घड्याळ दाखवत होता. ती शेवटी म्हणाली, "मुंग्यास्नी घाई न्हाय. तुला हाय तर तू जा."

तिच्याकडच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राची एक गोम होती. आवाजाची मोजणी सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झला, ठेवली तर ते आठ माइक घ्यायचं. शहाण्णव हजार केली तर चारच. क्रांतीनं आठ माइक निवडले. तिथं कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

तीन महिने ती मिक्सवर बसली. घराच्या वरच्या खोलीत, कुठून कुठून मागून आणलेले पाच एकसारखे स्पीकर स्टुलांवर मांडून. ऑगस्टमध्ये तिनं मला एकट्याला बोलावलं. मी मधल्या खुर्चीत बसलो. पुढून ड्रम आला, आणि माझ्या पाठीमागं ते गोदाम उभं राहिलं. त्या पत्र्याची उंची मला मानेवर जाणवली. राजवीरचा आवाज समोर, कोरडा, जवळ. गिटार डावीकडं थोडी मागं, जसा तो खरोखर उभा होता तशी. काहीही हलत नव्हतं. मी मात्र त्या खोलीत नव्हतो.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"भारी हाय," मी म्हणालो.

"दुसऱ्या गाण्यात तू पळतोस. ते मी झाकलं न्हाय."

शिवकुमारशेटनी मात्र मिक्स ऐकायच्या आधी फाइलचा आकडा पाहिला. अठ्ठेचाळीस! त्यांचा चेहरा असा झाला जणू जावई म्हणून कुणी भलताच उभा केलाय.

"क्रांतीताई, कव्हरवर एकशे ब्याण्णव छापायला दिलंय की!"

"मग बदला."

"कंप्युटरमधी अठ्ठेचाळीसचं एकशे ब्याण्णव करता येतंय. एक बटण दाबायचं."

"दुधात पाणी घातलं की लिटर वाढत्यात, शेट. दूध न्हाय वाढत."

शेट दुखावले. त्यांनी एक लांबलचक भाषण केलं. ज्याचे कान तयार नाहीत त्याला फरक कळत नाही, त्यांचं मंडळ पंधरा वर्षं कान तयार करतंय, वगैरे. क्रांतीनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रविवारी तुमच्या मंडळालाच विचारू."

रविवारी तिनं एकच गाणं तीन फाइलींत आणलं. एक मूळ अठ्ठेचाळीसची. दुसरी तीच, बटण दाबून एकशे ब्याण्णव केलेली. तिसरी फोनवर पाठवतात तसली बारीक केलेली, एमपीथ्री. सराउंड नाही, तिन्ही साध्या दोन स्पीकरांच्या, म्हणजे आवाजाच्या दर्जाशिवाय दुसरा फरकच राहू नये. क्रम फक्त मला माहीत. मी पडद्यामागं बसून फाइली लावायच्या, समोरच्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, एकशे ब्याण्णव कुठली. क्रांती स्वतः त्यांच्यातच बसली, तिनंही एक चिठ्ठी घेतली.

तीन वेळा गाणं झालं. डोळे मिटले गेले, माना डोलल्या. दातांचे डॉक्टर तर तिसऱ्याला चक्क गहिवरले. "झांजेची शेपूट ऐकलीत? हवेत विरघळत जाते!" ते म्हणाले. तिसरी फोनची होती.

मंडळाच्या नऊ चिठ्ठ्यांत तिघांचं बरोबर आलं. तीन चिठ्ठ्या टोपीत टाकून उचलल्या असत्या तरी नवांत तिघांचंच आलं असतं. शिवकुमारशेटनी फोनच्या फाइलवर खूण केली होती, पुढं दोन उद्गारचिन्हं. दहावी चिठ्ठी क्रांतीची. तिच्यावर लिहिलं होतं: ओळखता येत नाही.

"बघा!" कर सल्लागार ओरडले. "ह्यांना स्वतःलाच येत नाही!"

"न्हायच येत," क्रांती म्हणाली. "ह्या खोलीत तेवढं लिहिणारी मी एकटीच हाय."

शेटनी थोडा वेळ चिठ्ठ्या न्याहाळल्या आणि मग त्यांना कारण सापडलं. रविवारी शाहूपुरीत विजेच्या लाइनीत घाण येते. समोरच्या गल्लीत वेल्डिंग चालतं. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. पंधरा वर्षं तयार केलेले कान एका वेल्डिंगवाल्यानं वाचवले. उप्पिट आलं.

पण शेटची तयारी वेगळीच होती. उप्पिटानंतर त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. क्रांतीचा मिक्स त्यांना फिका वाटला होता, म्हणून त्यांनी आमचीच साधी दोन स्पीकरांची फाइल एका सॉफ्टवेअरमध्ये घालून तिचं परस्पर सराउंड केलं होतं. आधी क्रांतीचा मिक्स वाजवला, मग त्यांचा. त्यांच्यात गिटार डोक्याभोवती घारीसारखी घिरट्या घालत होती. राजवीरचा आवाज एकदा कपाटातून यायचा, एकदा जिन्यावरून. माझ्या ड्रमचा एक तुकडा पुढून निघून मागं जायचा आणि गोल फिरून परत यायचा. गोदामाचा मागमूस नव्हता. त्याच्या जागी कंप्युटरनं बनवलेला एक ओला, पोकळ घुमारा होता, बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा.

ह्या वेळी फरक सगळ्यांना कळला. मान्य करायलाच हवं. आधीच्या तीन फाइलींत जो फरक नव्हता तो त्यांना ऐकू आला होता, आणि आता जो ढळढळीत होता तोही आला. फक्त त्यांना आवडला तो खोटा.

"हे सराउंड!" एक बिल्डर म्हणाले. "पैसा वसूल. त्या आधीच्यात मागचे स्पीकर नुसते बसून होते की."

"हात वर करा," शेट म्हणाले. "कुठलं डिस्कवर घ्यायचं?"

नऊ हात वर गेले. मग मागं दाराशी उभ्या राजवीरचा गेला. क्रांतीनं माझ्याकडं पाहिलं.

आता माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना नावं ठेवताना मी कुठं उभा होतो ते कळेल. मी तिचा मिक्स ऐकला होता. मानेवर तो पत्रा मला जाणवला होता. पण शेटच्या मिक्समध्ये माझा ड्रम गोल फिरत होता, आणि तो फिरताना सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं होतं. मी हात वर केला.

क्रांतीनं आपल्या वायरी गुंडाळल्या. नीट, कोपर आणि अंगठ्यामधून, एकही पीळ न पडू देता. "माझं नाव घालू नका," एवढंच बोलली आणि जिना उतरली.

डिस्क डिसेंबरमध्ये आली. जाड कव्हर, पुढं डांबराचा रस्ता, मागं आम्ही चौघे, कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत १९२ किलोहर्ट्झ. त्याखाली मोठ्या टायपात: सराउंड मिक्स: क्रांती कुरणे.

"नाव कशाला ठेवलं?" मी शेटना विचारलं.

"अरे, मान दिलाय! पोरगी हाय, गरिबाघरची हाय, पुढं उपयोगी पडंल तिला."

हे ते मनापासून बोलत होते. फसवणारा माणूस आपण फसवतोय एवढं तरी जाणून असतो. ह्यांना वाटत होतं आपण दान करतोय.

सोमवारी सकाळी मी माझ्या वाट्याच्या दहा प्रती न्यायला दुकानात गेलो, तर क्रांती आधीच आलेली. पाइपांच्या मोळीवर बसली होती, समोर खोकी, हातात काळा मार्कर. शेट माल बघायला पाइपांच्या गोदामावर गेले होते. गल्ल्यावर शांतव्वा. डिस्कवर प्लास्टिकचं घट्ट वेष्टन होतं, त्यावर खोडलं तर वेष्टनाबरोबर रेघही निघून जाणार. म्हणून ती ब्लेडनं एकेक वेष्टन फाडत होती, स्वतःच्या नावावर जाड काळी रेघ ओढत होती आणि डिस्क बाजूला ठेवत होती. तीसेक झाल्या असतील.

"यव्वा, काय खोडाल्यास ग?" शांतव्वांनी विचारलं.

"माझं नाव, आजी."

"का? चोरी केल्यास काय?"

"चोरी दुसऱ्यानं केलीया. नाव माझं घातलंय."

शांतव्वांनी एक डिस्क उचलून डोळ्यांजवळ धरली. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, त्यांची शाळा कन्नड. अक्षर अक्षर करत त्यांनी नाव वाचलं. "क्रांती. ही तूच की?"

"व्हय."

"हे तू केलं न्हायस?"

"न्हाय."

म्हातारीनं ड्रॉवर उघडला. त्यातून पाइपांच्या बंडलांवर खुणा करायचा दुसरा मार्कर काढला आणि चष्मा पुसला. "ब्लेड तू चालव. रेघ मी ओढते."

क्रांतीनं मान वर करून मला विचारलं, "पिराजी, वेष्टन फाडतोस?"

मी घड्याळ बघितलं. डेअरीत दुसरी पाळी दुपारी सुरू व्हायची होती, भरपूर वेळ होता. "ड्युटी हाय ग," मी म्हणालो. आणि गेलोही नाही. दाराशी गिऱ्हाइकासारखा उभा राहिलो. एका प्लंबरनं पाऊण इंचाचा एल्बो मागितला. शांतव्वांनी रेघ पुरी केली, एल्बो दिला, परत बसल्या.

दीडशेच्या पुढं गेल्यावर शेट आले. दारातच त्यांनी फाडलेल्या प्लास्टिकचा ढीग पाहिला आणि त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी त्यांच्या कुठल्याच स्पीकरमधून ऐकला नाही.

"सील फोडलं! अहो, सील फोडलं! आता ह्याला कोण हात लावणार? डिस्क जमवणारे लोक सीलबंदच घेतात!"

नाव का खोडलं हे त्यांनी विचारलंच नाही. खोटा आकडा, खोटा मिक्स, न विचारता घातलेलं नाव, ह्यातलं काही त्यांच्या डोळ्यांत आलं नाही. ते प्लास्टिकसाठी रडकुंडीला आले होते. उरलेल्या प्रतींवर आडवे हात धरून म्हणाले, "एवढ्या तरी सोडा, ताई. पाया पडतो."

"शिवू," शांतव्वा म्हणाल्या, "त्या मुलीचं नाव तुझ्या बापाच्या दुकानात फुकट आलंय व्हय? हात काढ."

शेटनी हात काढला. तीनशेच्या तीनशे प्रती खोडून झाल्या तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. क्रांतीच्या उजव्या हाताची बोटं काळी झाली होती. शांतव्वांनी तिला आत नेऊन रॉकेलनं ती पुसून दिली, आणि जेवूनच जा म्हणाल्या. ती जेवली. मी पाळीला गेलो, माझ्या दहा प्रती घेऊन.

पुढचं ऐकाल तर चीड येईल. पुण्यातल्या कुणा संग्राहकानं काळी रेघ असलेल्या प्रतीचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं की ही कलाकाराच्या हातची खूण आहे, प्रत्येक प्रत वेगळी. मग विचारणा यायला लागल्या. एकानं खास पत्र लिहून कळवलं की ह्या डिस्कमधली 'गोदामाची खोली' अप्रतिम पकडली आहे. ज्या डिस्कमधून गोदाम काढून टाकलं होतं तिच्यात. त्याला गोदामाचं कसं कळलं? कव्हरच्या आत आम्ही छापलं होतं. शेटनी ते पत्र चौकटीत घालून ऐकायच्या खोलीत लावलं. मंडळ अजून भरतं. आता छताला आणखी चार स्पीकर लागलेत.

डांबर वर्षभरात मोडलं. राजवीर सोलरचे हीटर बसवतो आणि गिऱ्हाइकांना कधी काळी आपण ब्लू-रे काढल्याचं सांगतो.

क्रांतीला गेल्या वर्षी वारणानगरलाच एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. स्टेजचं काम तिनं कमी केलंय. एका शनिवारी पाळी सुटल्यावर मी तिकडं गेलो. बरेच दिवस मनात होतं. ती टेबलावर एक उघडलेला अँप्लिफायर घेऊन बसली होती. तिनं मला बघितलं आणि परत अँप्लिफायर बघितला.

"त्या दिवशी मी हात वर केला," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं."

मला वाटलं होतं ती पुढं काहीतरी म्हणेल. जाऊ दे, झालं ते झालं, असं. माणसं म्हणतात. ती म्हणाली नाही.

"तुझा मिक्स अजून हाय काय? एकदा ऐकायचा होता."

"हाय."

"कॉपी देशील?"

"तुझ्याकडं स्पीकर किती?"

"दोन."

"मग कॉपी घेऊन काय पूजा करणार?"

तेवढ्यात तिसऱ्या वर्षाच्या चार मुली हातात वायरींची भेंडोळी घेऊन आल्या. त्यांचा बँड होता, गॅदरिंगसाठी नव्हे, खराखुरा. त्यांना आपली गाणी कॉलेजच्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये रेकॉर्ड करायची होती. ड्रम वाजवणारी, प्रेरणा म्हणून, सगळ्यांत बारकी होती. क्रांतीनं तिला विचारलं, "कोपऱ्यात माइक लावू तवा तुझ्या चुका पण येतील. चालंल?"

"आल्या तर मी परत वाजवीन की," ती मुलगी म्हणाली.

क्रांतीनं अँप्लिफायर बाजूला सारला. मला म्हणाली, "पिराजी, रिकामाच हाईस तर ते स्टूल उचल." मी स्टूल उचललं आणि त्यांच्या मागनं वर्कशॉपकडं गेलो.